चंद्र अकराशे किलोमीटरवर

पोर्ट हॅलम ते ग्रेलिंग लेक हे अंतर अकराशे किलोमीटर आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण कॅनडाच्या उत्तरेतली ही दोन्ही गावं अजून तरी जागची हललेली नाहीत. पण उडत जायला वेळ किती लागतो, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. तो प्रश्न मला रोज विचारला जातो, कारण त्याच कामाचा मला पगार मिळतो. मी समोरच्याला सांगते, तुम्हाला घाई किती आहे ते आधी बोला, मग वेळ सांगते.

हा उद्धटपणा नाही, आमच्याकडची पद्धतच तशी आहे.

पूर्वी पोर्ट हॅलमला चांगली चाकांवर उतरणारी विमानं यायची. ज्या जमिनीवर धावपट्टी होती ती जमीन हजारो वर्षं गोठलेली होती आणि तिने कायम गोठलेलंच राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती वितळायला लागली आणि धावपट्टीला भाजलेल्या पापडासारखे फुगवटे आले. दोनदा डागडुजी झाली, तिसऱ्यांदा सरकारने हात टेकले. मग आली वाऱ्यावरची जहाजं. वर हीलियमने भरलेला लांबोडा फुगा, खाली वीस माणसांची केबिन, आणि इंजिन म्हणाल तर नावापुरतं.

खरं काम वारा करतो. जमिनीलगत वारा पूर्वेला वाहत असला तर किलोमीटरभर वर तो दक्षिणेला वाहत असतो आणि त्याच्याही वर भलतीकडेच. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर वेगळं भांडण चालू असावं तसा प्रकार. जहाजाने फक्त आपल्या सोयीच्या मजल्यावर चढायचं किंवा उतरायचं, की वारा त्याला हव्या त्या दिशेने घेऊन जातो. कोणत्या उंचीवर कसला वारा आहे, हे जहाजावरचं यंत्र लेझरचा झोत टाकून हवेतल्या धूलिकणांच्या हालचालीवरून ओळखतं. त्याला कंपनीने दिलेलं नाव दोन ओळींचं आहे. मी त्याला पोपट म्हणते, कारण जत्रेतल्या पोपटाप्रमाणे तेही आपलं भविष्य एका चिठ्ठीवर काढून देतं.

आता जलद वाऱ्याच्या मागे धावायचं तर बॅटरी फार जाते आणि केबिन गदागदा हलते. म्हणून पोपट प्रत्येक प्रवाशाला चढण्याआधी विचारतो, का जाताय आणि निकड किती. मग सगळ्यांच्या घाईची बेरीज करून तो मार्ग ठरवतो. बेरीज मोठी आली तर दहा तासांत ग्रेलिंग लेक. छोटी आली तर जहाज वाटेत रेंगाळत, फुकटचे वारे खात, दीड दिवसाने पोहोचतं.

या यंत्राने आमच्या गावाचं काय केलं हे कुणी लिहून ठेवायला हवं. एका बाईंनी आपल्या नवऱ्याला घरी परतताना 'काही घाई नाही' असं म्हणताना ऐकलं, आणि त्या पुढच्याच जहाजाने 'अतिशय घाई' सांगून आईकडे निघून गेल्या. आमचे दाताचे डॉक्टर फिन्ली दर वेळी 'जीवनमरणाचा प्रश्न' असं सांगून चढतात. ग्रेलिंग लेकला बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाचे सामने असतात, ते बघायला ते जातात. पोपट काही खुळा नाही. वर्षभरात त्याने डॉक्टरांच्या जीवनमरणाची किंमत ओळखली आणि आता तो त्यांची निकड जवळपास शून्यच धरतो.

तर अशा गावात मेच्या सुरुवातीला माझ्या सासूबाई, नीलिमा आगाशे, मिरजेहून राहायला आल्या.

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. मिरजेच्या घरात त्या एकट्याच असायच्या आणि माझ्या नवऱ्याला, तन्मयला, त्याची टोचणी लागलेली. त्यांनी आमच्याकडे कायमचं यावं असं त्याला वाटायचं. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. सुनेला काय वाटत असेल हे लोकांना न विचारताच माहीत असतं ना. पण मला त्या हव्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असताना गेली आणि त्यानंतर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं घरात कुणी नव्हतं.

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, दोन आठवड्यांत गाव खिशात टाकलं. अंगात तन्मयचं फुगीर जॅकेट, त्याच्या आत साडी, अशा त्या बाजारात जायच्या. जहाजाची कप्तान मार्था इथलीच, साठीची बाई. तिला आणि तिच्या नवऱ्याला त्यांनी मेंढीकोट शिकवला. मार्थाला मराठी येत नाही आणि आईंचं इंग्रजी रागावल्यावरच बाहेर पडतं, तरी डाव रंगायचे. सीलचं मांस त्यांनी खाल्लं नाही, पण ते कसं शिजवायला हवं हे मात्र मार्थाला सांगितलं.

मग संकष्टी आली.

आई चाळीस वर्षं संकष्टी करताहेत. दिवसभर फक्त चहा. चंद्र उगवला की त्याला अर्घ्य द्यायचं, मोदकांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग जेवायचं. सोमवारी संकष्टी म्हणून रविवारी त्यांनी मला अगदी सहज विचारलं, "सानिका, इथला चंद्रोदय किती वाजता गं?"

मी फोनमध्ये बघितलं आणि माझा चेहरा पडला. चंद्रोदय शुक्रवारी होता.

मी त्यांना टेबलावर संत्रं आणि बॅटरी घेऊन समजावलं. आपल्या गावात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, कारण तो उत्तरेकडे झुकलेला असतो. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. म्हणजे सूर्य उत्तरेला तर चंद्र दक्षिणेला. हिवाळ्यात आपला सूर्य जसा क्षितिजाच्या वर येतच नाही, तसा उन्हाळ्यात हा चंद्र येत नाही. चारपाच दिवस तो जमिनीआडूनच चक्कर मारून जातो.

आईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि संत्रं सोलून मला दिलं.

तन्मयने तोडगे काढले. मिरजेच्या वेळेप्रमाणे उपास सोडावा. शेजारच्या काकू तिकडून व्हिडिओ कॉलवर चंद्र दाखवतील. मिरजेच्या गुरुजींना फोन झाला, त्यांनीही बिनदिक्कत परवानगी दिली. आई कशालाच तयार होईनात. फोनमध्ये दिसतो तो फोनचा उजेड, त्याला काय पाणी सोडायचं, असं त्या म्हणाल्या. तन्मयने त्यांच्या मधुमेहाची, साखरेच्या गोळ्यांची आठवण करून दिली, तेव्हा त्या थोड्या चिडल्याच. आणि मग शांतपणे जे बोलल्या त्याने आमची दोघांची झोप उडाली.

"जिथं चंद्रच उगवत नाही तिथं मी राहून काय करू? माझं आपलं मिरजच बरं."

हे नुसतं देवाधर्माचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी मिरजेला संकष्टी पाहिली होती. माझे सासरे मिरज जंक्शनवर उद्घोषक होते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. संकष्टीला ते गच्चीवर जाऊन उभे राहायचे आणि चंद्र दिसला की जिन्यातून खाली घोषणा करायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पूर्वेकडून येणारा चतुर्थीचा चंद्र गच्ची क्रमांक एकवर येत आहे." ढग असले तर चंद्र विलंबाने धावत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायचे. आई स्वयंपाकघरातून "पुरे आता" म्हणायच्या आणि पानं घ्यायला लागायच्या.

मी हिशोब केला. ग्रेलिंग लेक आमच्यापेक्षा बरंच दक्षिणेला आहे. मंगळवारच्या पहाटे तिथे चंद्र क्षितिजाला घासून तासदीडतास दिसणार होता. सोमवारी दुपारचं जहाज जलद गेलं तर आम्ही वेळेत पोहोचत होतो. मी रजा टाकली.

सोमवारी आई तयार होऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मोदकांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात त्यांची मोठी बॅग, लाल रिबीन बांधलेली, भारतातून आणलेली.

"चंद्र बघायला एवढी बॅग?" मी विचारलं.

त्यांनी नजर टाळली. ग्रेलिंग लेकहून मोठी विमानं दक्षिणेला जातात असं ऐकलंय, एवढंच म्हणाल्या. तन्मयची साइट गावाबाहेर होती, तो सकाळीच कामाला गेलेला. त्याला फोन करू का, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी चंद्र तर दिसू दे. मी बॅग उचलली. ती जड होती आणि मला रडू येत होतं. म्हणून मी बॅगेच्या वजनावरून उगाच कुरकुर केली.

जहाजाच्या दाराशी पोपटाने आपलं मराठी काढलं. ते त्याला कुणी शिकवलं देव जाणे.

"आपल्या प्रवासाचे प्रयोजन कथन करावे."

"चंद्र बघायचाय," आई म्हणाल्या.

"आपली निकड किती आहे?"

"मला कसली निकड? चंद्र थांबला तर मीही थांबेन."

पोपटाने नोंद केली, पर्यटन, निकड शून्य. मी कपाळावर हात मारला. बाकीच्या प्रवाशांत दोन शिक्षक, एक बाथटब घेऊन निघालेलं जोडपं, सामन्याला चाललेले डॉक्टर फिन्ली आणि आठवड्याच्या खरेदीला चाललेले लोक होते. घाईची बेरीज एवढीशीच होती. पडद्यावर वेळ आली, तीस तास.

माझ्याकडे कर्मचाऱ्याची किल्ली होती. 'पर्यटन' खोडून 'वैद्यकीय' केलं असतं तर पोपट सुसाट सुटला असता, आणि साखरेच्या गोळ्यांचं कारण अगदीच खोटं नव्हतं. नातेवाइकांच्या नोंदीला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो मोडायला मी बोट पुढे केलंच होतं, तेवढ्यात आईंनी माझं मनगट धरलं. आपल्या उपासाला खोट्याचा टेकू नको, असं त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण पकड चपाती लाटणाऱ्या बाईची होती.

आम्ही निघालो. रात्र नावाची गोष्ट त्या दिवसांत नसतेच, त्यामुळे खिडकीबाहेर एकसारखा पिवळट उजेड आणि खाली फुटक्या बर्फाची तळी. पोपट मजेत रेंगाळत होता. एका थरावर तास काढायचा, मग कंटाळून दुसऱ्यावर. आईंनी पाचवा चहा नाकारला. त्यांचे हात किंचित थरथरत होते ते मी बघत होते आणि मी बघतेय हे त्या बघत होत्या. मी एकदा म्हटलं, आई, एखादं केळं तरी खा. त्यांनी पदर नीट केला आणि खाली दिसणारा हरणांचा कळप मला दाखवला.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. नैवेद्य गार झाला असेल म्हणून मोदकांचा डबा हीटरवर ठेवला.

गूळ, खोबरं आणि वेलदोड्याचा वास वीस माणसांच्या बंद केबिनमध्ये किती पसरतो याचं गणित पोपटाकडेही नव्हतं. बाथटबवाल्या जोडप्याची झोप मोडली. शिक्षकांनी पुस्तकं मिटली. डॉक्टर फिन्ली जागेवरून उठून डब्याजवळ आले आणि अत्यंत सभ्यपणे त्यांनी विचारलं, हे काय आहे आणि एक मिळेल का.

मी आईंना विचारून त्यांना सांगितलं, चंद्र दिसल्यावर सगळ्यांना मिळेल.

चंद्र कधी दिसेल, असं त्यांनी विचारलं. या वेगाने गेलो तर आज दिसणारच नाही, मी म्हटलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, चाळीस वर्षांची संकष्टी, गच्चीवरची घोषणा, सकाळपासूनचा उपास. डॉक्टर आईंच्या हातांकडे बघत होते. दाताचे का होईना, ते डॉक्टर होते. त्यांनी मान हलवली, डब्याकडे एकवार पाहिलं आणि पोपटाच्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. उड्डाण चालू असताना कुणालाही आपलं प्रयोजन बदलता येतं, पण आजवर कुणी ते केलं नव्हतं.

माझा प्रवास सामना बघण्यासाठी आहे, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. ते प्रयोजन मागे घ्या. मला आता चंद्र बघायचा आहे.

पोपटाने निकड विचारली. डॉक्टरांनी डब्याच्या दिशेने श्वास घेतला आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याला खरं उत्तर दिलं. पोपटालाही ते पटलं असावं, कारण पडद्यावरचा त्यांचा शून्य चढत चढत शंभरावर गेला. मग शिक्षक उठले. मग बाथटब. एकेक करून सगळी केबिन रांगेत उभी राहिली. शेवटी पडद्यावर ओळ आली: सर्व प्रवासी, चंद्रदर्शन, निकड अत्यधिक.

आणि जहाज दक्षिणेला धावायचं सोडून सरळ वर चढायला लागलं.

कानांना दडे बसले. मार्था आपल्या खुर्चीतून ओरडून मला विचारायला लागली की हा वर का निघालाय, वर तर उलटा वारा आहे. मलाही क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा मी हसायलाच लागले. त्याला आता ग्रेलिंग लेकला जायचंच नव्हतं. किनाऱ्यावरून न दिसणारं गलबत आपण डोंगरावर चढलो की दिसतं, तसंच चंद्राचंही आहे. उंच गेलं की क्षितिज खाली सरकतं आणि त्याच्या आड दडलेलं थोडं आकाश उघडं पडतं. आम्ही निम्मी वाट आलेलो होतो आणि चंद्र क्षितिजाच्या अगदी थोडाच खाली होता. चंद्र वर येत नसेल तर आपण वर जायचं, असा सोपा विचार त्या यंत्राने केला होता. रोज वाऱ्याचे हिशोब करणाऱ्या मला तो सुचला नव्हता.

आईंनी ताम्हण आणि पळी काढली. सगळे दक्षिणेकडच्या खिडक्यांना नाकं लावून बसले. आई मात्र उठल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन त्या खाली बघत बसून राहिल्या. मी त्यांना खिडकीपाशी बोलावलं तर नको म्हणाल्या.

"दोन वर्षं झाली. गच्चीत मीच जाते, मीच बघते, मग खाली येऊन मीच ताट वाढून घेते," त्या म्हणाल्या. "स्वतःच स्वतःला काय सांगायचं?"

ढगांच्या कडेला तांबूस काहीतरी वर येत होतं. वरून दाबल्यासारखं, एका बाजूने कुरतडलेलं, फिकट. तो चंद्र आहे हे ओळखायला मला वेळ लागला. मग मी मार्थाच्या खुर्चीपाशी धावले, तिच्या हातातून माइक घेतला आणि घसा खाकरला. माझा आवाज सासऱ्यांसारखा नाही. मधेच चिरकतो.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," मी म्हटलं. "दक्षिणेकडून येणारा चतुर्थीचा चंद्र खिडकी क्रमांक चारवर येत आहे. चंद्र आपल्या नियोजित वेळेपेक्षा... बऱ्याच विलंबाने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

त्या केबिनमध्ये मराठी कळणारं एकच माणूस होतं. त्याने डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून म्हटलं, "पुरे आता."

आणि त्या पानं घ्यायला लागल्या.

अर्घ्य दिलं, नैवेद्य झाला, आईंनी पहिला मोदक तोंडात घातला तेव्हा मला स्वतःलाच भूक लागल्याचं आठवलं. सगळ्यांना वाटून झालं. डॉक्टर फिन्ली तिसऱ्या मोदकावर होते तेव्हा मार्थाने जाहीर केलं की इतक्या उंचीवर फार वेळ थांबता येत नाही. जहाज खाली उतरायला लागलं आणि चंद्र हळूहळू ढगात बुडून नाहीसा झाला.

डॉक्टरांनी अर्धा मोदक तसाच हातात धरला आणि मला विचारलं, चंद्र मावळला तर आता हा खायचा की नाही. मी प्रश्न आईंकडे पोहोचवला. सगळं जहाज त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"एकदा घोषणा झाली की झाली," आई म्हणाल्या. "खा म्हणावं."

वाटेत वाऱ्याचा थर पकडायला पोपट आणखी दोनदा वर चढला, आणि दोन्ही वेळा चंद्र पुन्हा उगवला, पुन्हा मावळला. त्या एका संकष्टीला आम्ही तीन चंद्रोदय पाहिले. आईंनी प्रत्येक वेळी मला माइककडे पिटाळलं. तिसऱ्या वेळी मार्थाने तिच्या परीने मराठीत घोषणा केली, आणि तिच्या 'कृपया'वर आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

ग्रेलिंग लेकला उतरलो तेव्हा समोरच दोन खिडक्या होत्या. डावीकडे दक्षिणेच्या मोठ्या विमानांची, उजवीकडे आमच्या जहाजाची. आईंनी माझ्या हातातून बॅग घेतली. मी उजव्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिले, कारण मला दुसरीकडे बघायचं नव्हतं. खिडकीतल्या पडद्यावरून पोपटाने विचारल्यावर मी म्हटलं, पोर्ट हॅलम, घरी, घाई नाही. मग मागे वळले आणि जे दोन आठवडे बोलायचं राहून गेलं होतं ते बोलून टाकलं.

"आई, जाऊ नका. मला घरात तुम्ही हव्या आहात."

त्या डाव्या खिडकीच्या रांगेत उभ्या नव्हत्याच. त्या माझ्या मागे रांगेत उभ्या होत्या आणि बॅग पायाने पुढे सरकवत होत्या.

"मग सरक ना," त्या म्हणाल्या. "माझा नंबर आहे."

पोपटाने त्यांना ठिकाण विचारलं. पोर्ट हॅलम, त्या म्हणाल्या. प्रयोजन कथन करावे, तो म्हणाला. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा विचार केला.

"पुढची संकष्टी," त्या म्हणाल्या. "खिडकीची जागा हिला द्या. घोषणा हीच करते."

"आपली निकड किती आहे?"

"महिना आहे की अजून."

पोपटाने नोंद केली, कौटुंबिक, निकड शून्य, आणि आमची चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर अंतर अकराशे किलोमीटर आणि वेळ दीड दिवस असं लिहिलं होतं. मी तेवढ्यात तन्मयला फोन करून सांगितलं की आम्ही दोघी परत येतोय, बॅगेसकट.

त्या दीड दिवसात मी मेंढीकोटाचे सगळे डाव हरले, आणि जहाज उतरायला लागलं तेव्हा मला वाटलं, पोपटाने आणखी थोडं रेंगाळायला हरकत नव्हती.